बागेतले किडे: औषध मारण्याआधी बघून तरी घ्या (इंदूर आणि आसपास)

निंबोणी (राजेंद्र नगर)

पाऊस सुरू झाला की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय उरतात. लाइट कधी येणार आणि पानं कोण खातंय. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दुसऱ्याला लगेच दहा उत्तरं येतात आणि दहाही औषधांची नावं असतात. किडा कोणता होता, काय करत होता, हे कोणी विचारतच नाही. माळीभैया तर फाटकातूनच ओरडतो, "बाईसाब, दवा मार दूँ?"

म्हणून हा धागा काढते आहे. अंगणात, गच्चीवर, बाल्कनीत जो किडा दिसेल तो इथे टाका. नाव माहीत नसलं तरी हरकत नाही. कोणत्या झाडावर होता आणि काय करत होता, एवढं मात्र लिहा. माझं म्हणणं इतकंच की "काय मारू" याच्या आधी "हा कोण आणि कोणाला खातोय" हे विचारू या.

माझ्याकडची मंडळी:

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्षी शिटल्यासारखं काळंपांढरं काही दिसलं तर पुसून टाकू नका. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी आहे. पक्ष्याने खाऊ नये म्हणून हा वेश. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मग शिंगं परत आत. हे बघायला आमच्याकडे शेजारची पोरं रांग लावतात. कढीपत्त्यावरही हीच किंवा हिची चुलतबहीण असते.

लिंबाचं झाड पुरुषभर उंच असेल तर चारपाच अळ्यांनी त्याला काही होत नाही. कुंडीतलं वीतभर रोप असेल तर मात्र दोन अळ्या त्याचा खराटा करतात. तेव्हा पानासकट उचलायच्या आणि मोठ्या झाडावर नेऊन ठेवायच्या. लिंबू नसेल तर शेजाऱ्यांचा कढीपत्ता बघा.

तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी, मागे छोटं शेपूट आणि पुढे दोन निळे डोळे. ते डोळे खरे नाहीत, नुसते ठिपके आहेत. घाबरली की डोकं आत ओढते आणि ठिपके फुगवते. ही कण्हेरीवरही असते. हिचा पतंग हिरव्या-गुलाबी रंगांच्या छटांचा, इतका देखणा की साडीवर ते नक्षीकाम उतरवून घ्यावं.

आणि गुलाबाच्या पानांना कडेने कंपास फिरवल्यासारखे गोल काप पडले असतील, तर ती अळी नव्हे. ती पानकापी मधमाशी. पान खात नाही, कापून नेते आणि एखाद्या पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्याची गुंडाळी करून पिल्लांसाठी खोल्या बांधते.

---

तिखट_पोहे

म्हणजे आमच्या गुलाबावर भाडेकरू नाही, कंत्राटदार आहे. हिला जीएसटी लागतो का?

---

होळकरी (लोकमान्य नगर)

निंबोणीताई, लेख सुंदर. पण मी प्रदर्शनात गुलाब मांडणारा माणूस. पानाला एक भोक असलं तरी परीक्षक नाक मुरडतात. त्यामुळे ही मधमाशी कितीही कलावंत असली तरी मला परवडत नाही. प्रत्येकाची बाग सारखी नसते, हे एकदा नोंदवून ठेवतो.

---

निंबोणी

काका, तुमचं बरोबर आहे, प्रदर्शनाच्या चार कुंड्यांवर जाळी घाला. पण फवारणी करून ती मधमाशी जाईल असं समजू नका. ती पान खातच नाही, त्यामुळे फवारणीने ते काप सहसा थांबत नाहीत. मरतात ते फुलावर बसणारे बाकीचे.

---

मनीषा_सुदामानगर

माझ्या कण्हेरीच्या शेंड्यांवर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे), पाय काळे. अगदी चिकटून बसलाय, शेंडा दिसतच नाही. आणि त्यात मध्येच करड्या रंगाचे, अंगावर काटे, केशरी ठिपके असलेले लांबट किडे फिरतायत. छोट्या मगरीसारखे. हे सगळं मिळून झाड संपवणार असं दिसतंय. साबणाचं पाणी की नीमतेल?

---

चतुर

मनीषाताई, थांबा! त्या मगरी तुमच्या बाजूच्या आहेत.

ती ढालकिड्याची पिल्लं आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, पोरं हातावर घेतात. त्याचं पिल्लू मात्र कोणी ओळखत नाही आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त मावा खातं. दर पावसाळ्यात लोक मावा मारायला निघतात आणि त्याला खाणाऱ्यालाच आधी मारतात.

थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न परत परत येतो.

माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता, थेट जिवंत पिल्लं देते. म्हणून तो रातोरात वाढल्यासारखा वाटतो. तुम्ही औषध मारलं की मावा मरतो आणि त्याच्याबरोबर ढालकिडाही. थोडा मावा कुठेतरी पानाखाली उरतोच. तो आठवड्याभरात परत भरतो. ढालकिड्याची फेरी अंडी, अळी, कोष अशी लांब, त्याला परत यायला वेळ लागतो. मधल्या काळात मावा मोकाट. मग लोक म्हणतात, औषधाचा जोर कमी झाला.

आता शेंडा नीट बघा, भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइल झूम करा. माव्याच्या गर्दीत काही दाणे फुगलेले, तपकिरी, सुकल्यासारखे दिसतील. काहींच्या पाठीवर गोल भोक असेल. ते मेलेले मावे आहेत. राईच्या दाण्याहूनही छोटी एक गांधीलमाशीची जात माव्याच्या पोटात अंडं घालते, पिल्लू त्याला आतून खातं आणि पाठीला भोक पाडून निघून जातं. असे भोकाचे दाणे दिसले की समजा बाजी उलटली, आता हात लावू नका.

आणखी एक बघा: खोडावरून मुंग्या वरखाली करतायत का? मावा गोड चिकट द्रव सोडतो, मुंग्या तो पितात आणि त्याबदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट अडवली तर अर्धं काम होतं. खोडाला चिकट टेपचा पट्टा गुंडाळून त्यावर व्हॅसलीन लावा. थेट सालीवर लावू नका.

---

मनीषा_सुदामानगर

भोकं आहेत!! खरंच आहेत. मुलगा भिंग घेऊन बसलाय, जेवायला उठत नाहीये. मुंग्याही आहेत. टेप लावते.

---

तिखट_पोहे

पोटात अंडं, आतून खाणं, पाठ फोडून बाहेर. काय हो, सकाळी सकाळी पोहे समोर घेऊन हे वाचत होतो.

---

वैशाली_गच्ची

चतुर, ढालकिडा सगळाच चांगला का? माझ्या वांग्याच्या पानांची नुसती जाळी झालीये आणि त्यावर ठिपक्यांचे ढालकिडेच बसलेत. अगदी रंगेहाथ पकडलेत.

---

चतुर

हो, एक घरभेदी आहे. अठ्ठावीस ठिपक्यांचा. तो पानंच खातो. वांगं, बटाटा, टोमॅटो हे त्याचे आवडते. ओळख सोपी: भल्या ढालकिड्याची पाठ चकचकीत, याची मळकट, बारीक लव असलेली. त्याचं पिल्लू पिवळं आणि सगळ्या अंगावर फांद्या फुटलेले काटे. पानाचा हिरवा थर खरवडून खातो, म्हणून जाळी होते. गच्चीवर चार कुंड्या असतील तर हाताने वेचा, साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाका, पानाखालचे पिवळ्या अंड्यांचे पुंजके चिरडा. एवढ्याने भागतं.

---

होळकरी

आणि वांग्यात शिरणाऱ्या अळीचं काय? ती तर कुठल्याच मित्राला सापडत नाही.

---

सोयाबीनवाला (देपालपूर)

काका, त्या अळीवर औषधाने काही होत नाही, कारण ती आत असते. वांग्याचा शेंडा एकाएकी मान टाकतो, बाकी झाड ताजं असतं, तेव्हा समजायचं शेंड्यात अळी आहे. त्याच दिवशी शेंडा दोन बोटं खालून कापायचा आणि लांब नेऊन जाळायचा किंवा पाण्यात बुडवायचा. कुंडीतच टाकला तर तीच अळी बाहेर येऊन कोष करते. किडकं फळही तसंच. शेतावर आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतो, घरी चार झाडांना त्याची गरज नाही.

आमच्याकडे सोयाबीनवर चक्री भुंगा येतो. मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा कोरते, एक वर एक खाली, आणि मधे अंडं घालते. खाचेच्या वरचा भाग सुकतो. माझे वडील ते सुकलेलं पान लांबूनच ओळखतात, तिथे जाऊन मोडून आणतात. मी लहानपणी त्यांच्यामागे तेच करत फिरायचो. शेतात मधे मधे टी आकाराच्या काठ्या रोवतो, पक्षी थांबे म्हणतात त्याला. कोतवाल पक्षी त्यावर बसतो आणि अळ्या उचलतो. फवारणी आम्हीही करतो, खोटं कशाला बोलू, पण आधी शेतात फिरून मोजतो किती आहेत. थोड्या असतील तर नाही करत. खर्च कोणाला हवाय.

---

निंबोणी

सोयाबीनवालेदादा, वांग्याचा विषय निघालाय तर एक सांगते. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात परागकण एका नळीत बंद असतात, टोकाला बारीक भोक. साधी मधमाशी ते झटकू शकत नाही. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगातले स्नायू थरथरवतो. आवाज एकदम बदलतो, बारीक आणि तीव्र होतो. परागकण मिठाच्या डबीच्या भोकांतून मीठ पडावं तसे खाली सांडतात. सकाळी उन्हं वर यायच्या आत वांग्याजवळ उभे राहा, ऐकू येईल. भुंग्याला घाबरून हाकलू नका, तो आहे म्हणून वांगी भरपूर धरतात.

तसाच थरथर करणारी आणखी एक मधमाशी आहे, पोटावर निळे चमकदार पट्टे. तिचे नर संध्याकाळी एखाद्या सुक्या काडीला जबड्याने धरून लटकतात आणि तसेच झोपतात. पाय सुद्धा टेकत नाहीत कधीकधी. तुळशीच्या वाळक्या मंजिरीवर बघा.

---

पलाशिया

स्विचबोर्डच्या वर मातीचं घर बांधून ठेवलंय कोणीतरी. मातीच्या नळ्या शेजारीशेजारी. सासूबाई म्हणतात शुभ असतं, नवरा म्हणतो फोडून टाक. फोडू?

---

चतुर

वहिनी, दोघांच्या मधला मार्ग: राहू द्या. ती कुंभारीण. प्रत्येक खोलीत तिने कोळी भरून ठेवलेत. मारलेले नव्हेत, नांगी मारून लुळे केलेले, म्हणजे सडत नाहीत. एका खोलीत एक अंडं. पिल्लू ताजे कोळी खाऊन मोठं होतं आणि माती पोखरून बाहेर येतं. ती एकटी राहते, पोळ्याची राखण करत नाही, म्हणून अंगावर येत नाही. सगळ्या नळ्यांना भोकं पडली की घर रिकामं झालं, तेव्हा पुसून टाका.

काडीवर छोट्या मडक्यासारखं एकच गोल घर दिसलं तर ती दुसरी, त्यात अळ्या भरते.

---

होळकरी

यावरून आठवलं. संतवाङ्मयात भृंगकीटक न्याय येतो. भृंगी अळीला आणून मातीत कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि ध्यास घेऊन अळीच भृंगी होते. गुरू-शिष्याचा दृष्टांत. आता तुमचं वाचून कळतं की पाहणाऱ्याने बरंच खरं पाहिलं होतं: अळी आत गेली, भृंगी बाहेर आली. मधे अंडं होतं तेवढं निसटलं.

---

चतुर

काका, वा. त्या काळी भिंगाशिवाय एवढं पाहिलं हेच खूप.

---

तिखट_पोहे

मला काल बाथरूमच्या मोरीपाशी हिरवीगार चमकणारी, पाय लाल, अशी माशी दिसली. तिने झुरळाला मिशीला धरून चालवत नेलं. झुरळ निमूट मागे. माझं रात्रीचं पिणं बंद आहे, आधीच सांगतो.

---

चतुर

भिया, तुम्ही या धाग्यातली सगळ्यात भारी गोष्ट पाहिलीत. ती झुरळांचीच शिकार करते. पहिला डंख छातीत, पुढचे पाय क्षणभर लुळे पडतात. दुसरा थेट मेंदूत, नेमक्या जागी. त्यानंतर झुरळ लुळं नसतं, चालू शकतं, पण आपणहून पळत नाही. मग ती त्याच्या मिशा अर्ध्या तोडते आणि उरलेली मिशी धरून बिळात नेते. त्याच्यावर अंडं घालून दार खड्यांनी बुजवते. मोरीत झुरळांचा स्प्रे मारलात तर हीही जाते, एवढं लक्षात ठेवा.

---

मुक्ता_विजयनगर

पहिल्या पावसानंतर प्लॉटवर लाल मखमली किडे निघाले होते. आमच्या कामवाल्या ताई त्यांना बीरबहूटी म्हणतात. आई मृगाचा किडा म्हणते. हे चावतात का? आणि दोन दिवसांत गायब कुठे होतात? फोटो काढायला गेले तर पाय आठ मोजले, मग किडा कसा?

---

चतुर

बरोबर मोजलेत. तो कीटक नाही, कोळ्यांच्या नात्यातला आहे. चावत नाही. वर्षभर जमिनीत असतो, पाऊस पडून माती भिजली की खायला आणि जोडीदार शोधायला वर येतो, थोड्या दिवसांत परत खाली. वाळवीचे पंखवाले जथेही त्याच दिवसांत निघतात, त्याची मेजवानी असते. याची पिल्लं मात्र दुसऱ्या किड्यांच्या अंगाला चिकटून रस पितात. पोरांना हातावर घेऊ द्या, फक्त डबीत भरून ठेवायला देऊ नका, सुकून मरतो. आणि प्लॉटवर फरशी घालताना कोपरा तरी उघडा ठेवा. मातीच नसेल तर येणार कुठून.

---

रानजाई

हातावर घेऊ द्या असं वाचलं म्हणून लिहिते. मी दवाखान्यात काम करते, पावसाळ्यात याच तक्रारी येतात. तीन गोष्टींना हात लावायचा नाही.

एक, केसाळ अळ्या. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसतात. केस टोचून आग होते. चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा, मग साबणाने धुवा.

दोन, भेंडीच्या, जास्वंदीच्या फुलावर बसणारा केशरी-काळ्या पट्ट्यांचा लांबट भुंगेरा. चिरडला की अंगातून निघणाऱ्या रसाने फोड येतात.

तीन, हा सगळ्यात महत्त्वाचा: रात्री दिव्यावर येणारा मुंगीएवढा, केशरी-काळा-केशरी-काळा किडा. अंगावर बसला तर फुंकून उडवा. मारलात तर तिथे पट्टा भाजल्यासारखा उठतो, मग लोक नागीण समजून येतात. तो चावतच नाही, आपणच त्याला चिरडतो.

---

निंबोणी

रानजाईताई, ही पोस्ट मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकते.

---

पलाशिया

घरच्या कंपोस्टच्या डब्यात जाड, चपट्या, करड्या अळ्या झाल्यात. शेकड्याने. ओला कचरा वेगळा करायचा म्हणून डबा घेतला आणि आता झाकण उघडायची हिंमत होत नाही. डबाच टाकून द्यावा म्हणते.

---

सोयाबीनवाला

अहो वहिनी, टाकू नका, त्याच तर तुमचा कचरा खातायत!

---

चतुर

काळी सैनिक माशी. अळ्या भाजीचे देठ, साली, शिळा भात, सगळं झपाट्याने संपवतात. माशी मोठी, काळी, थोडी गांधीलमाशीसारखी. पण चावत नाही आणि स्वयंपाकघरात अन्नावर बसायला येत नाही. या अळ्या जिथे असतात तिथे घरमाशीच्या अळ्या टिकत नाहीत. खूप झाल्या म्हणजे डबा जास्त ओला आहे. सुकी पानं, नारळाची शेंडी, पुठ्ठ्याचे तुकडे टाका. पूर्ण वाढल्या की काळपट होऊन आपणहून डब्याबाहेर पडतात. तेवढ्यात बुलबुल आणि मैना हजर होतात.

---

होळकरी

कंपोस्टचा विषय आहे आणि इंदूरचा माणूस गप्प बसला तर कसं. आपल्या इंदुरात १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ तिचे १९३१ पर्यंत संचालक. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर, ठरावीक वेळाने उलथापालथ, तीनेक महिन्यांत खत. जगात ही रीत इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. हॉवर्डसाहेब किडींना आणि बुरशीला आपले प्राध्यापक म्हणत. कीड पडली की आधी किडीला शिव्या न घालता मातीत काय कमी आहे ते बघायचं.

मी गुलाबावर फवारतो आणि हे सांगतो, हा विरोधाभास मला दिसतो. टोमणे मारू नयेत.

---

चतुर

टोमणा नाही काका, एक पुरवणी. उलटही होतं. युरिया जास्त झाला की पालवी लुसलुशीत फुटते आणि मावा, तुडतुडे तिथेच तुटून पडतात. प्रदर्शनाआधी गुलाबांना डोस वाढवता का?

---

होळकरी

हं. वाढवतो.

---

वैशाली_गच्ची

मला एक खटकतं ते लिहू का? आपल्याला शहर स्वच्छ ठेवायची सवय लागली, चांगलंच आहे. पण त्याच नादात अंगणातलं एकेक वाळकं पानही आपण झाडून घंटागाडीत घालतो. वर निंबोणीने लिहिलेली तगरीवरची अळी कोष करायला खाली पालापाचोळ्यातच उतरते ना? मग आपण पतंगाचे कोषच दर सकाळी गाडीत टाकत असणार. मी गच्चीच्या एका कोपऱ्यात पानांचा ढीग ठेवते. सोसायटीतल्या बायका नाक मुरडतात. मुरडोत.

---

निंबोणी

वैशाली, अगदी. मी भिंतीलगत तसाच पट्टा ठेवलाय. रस्त्यावर कचरा नको आणि झाडाखाली पानं हवीत, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

---

मुक्ता_विजयनगर

आमचा फ्लॅट, बाल्कनीत जेमतेम सहा कुंड्या. एवढ्यात काय दिसणार?

---

निंबोणी

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या बाई होत्या. साध्या वस्तीतलं घर, मागेपुढे बाग, भाजी आणि फुलं. १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं त्यांनी त्या एका बागेत जे दिसेल ते टिपलं. २,६७३ प्रजाती झाल्या, त्यात १,९९७ कीटक. तिथे एवढी थंडी असून. आपल्याकडे तर मोसमी पाऊस आहे.

बाल्कनीसाठी: एक चिनीगुलाब, एक तुळस फुलू द्यायची (मंजिऱ्या खुडायच्या नाहीत), एक कढीपत्ता, एक लिंबू. चिनीगुलाबावर एका फुलपाखराची मादी अंडी घालते, तिची गंमत अशी की ती रुईवरच्या केशरी फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. रुईचं फुलपाखरू अळी असताना रुईचा चीक पोटात साठवतं, म्हणून कडू; पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही बाई कडू नसून तोच पेहराव घालते. नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल. जोडीने दिसले तर कोणी म्हणणार नाही की एकाच घरातले.

---

पलाशिया

बाल्कनीच्या छताला गांधीलमाशांचं छोटं पोळं लागलंय, कागदी, देठावर लटकलेलं. हे तरी काढू ना? लहान मूल आहे घरात.

---

चतुर

मूल असेल आणि पोळं हाताच्या उंचीवर असेल तर काढून घ्या, जाणत्या माणसाकडून, रात्री. अंगाला सूज येण्याचा त्रास घरात कोणाला असेल तरीही. उंच कोपऱ्यात असेल आणि येण्याजाण्याच्या वाटेत नसेल तर राहू द्या, त्या दिवसभर अळ्याच वेचून नेतात.

काढण्याआधी लांबून थोडं बघा मात्र. आपल्याकडच्या एका गांधीलमाशीवर बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकरांनी कित्येक वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की त्या पोळ्याची राणी सगळ्यात गरीब स्वभावाची, कोणाशी भांडत नाही. राणी नाहीशी झाली की कामकऱ्यांतली एक एकदम आक्रमक होते, आणि पुढे तीच राणी होऊन शांत बसते. यासाठी पोळ्यापुढे बसून प्रत्येक माशीला रंगाचा ठिपका लावून पाहावं लागतं, बाकी मोठी यंत्रं नकोत.

---

तिखट_पोहे

आमच्या ऑफिसात उलटं आहे. राणी झाल्यावर चढतात.

---

मुक्ता_विजयनगर

फोटो कसे काढायचे? माझे सगळे हिरवे धूसर.

---

चतुर

सकाळी लवकर. किडे गार असतात, हलत नाहीत. एक फोटो वरून, एक बाजूने, एक पूर्ण झाडाचा. झाड कळलं की अर्धी ओळख झाली. मोबाइल जवळ नेण्यापेक्षा थोडा लांब ठेवून झूम करा आणि पानामागे हात धरा म्हणजे कॅमेरा फोकस सोडत नाही. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका. यंत्राने सुचवलेलं पहिलं नाव लगेच स्वीकारू नका, परदेशातलं काहीतरी सांगतं. माणसांना तपासू द्या.

---

निंबोणी

ठरलं तर मग. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांचा आठवडा असतो. आमच्या गच्चीवर पांढरी चादर टांगते, समोर दिवा. शनिवारी, अंधार पडल्यावर. पाऊस थांबलेला असेल तर उत्तम, रिमझिम असेल तरी या, अमावास्येच्या जवळपास तर जास्त येतात. दिव्याकडे बघू नका, चादरीकडे बघा. रानजाईताईंनी सांगितलेला मुंगीएवढा केशरी-काळा किडाही येणार, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दहाला दिवा बंद, रात्रभर चालू ठेवला तर बिचारे तिथेच अडकून सकाळी पक्ष्यांच्या तोंडी जातात. पत्ता निरोपातून विचारा.

---

मनीषा_सुदामानगर

आम्ही तिघं येतो. मुलगा आताच विचारतोय. दिवा कोणता? आमच्याकडे पिवळा एलईडी पडून आहे, आणू?

---

चतुर

पिवळा नको, त्याच्याकडे किडे कमी येतात. पांढरी ट्यूब किंवा पांढरा सीएफएल आणा. मी यूव्हीचा छोटा दिवा आणतो. तो पिवळा तुमच्या जेवायच्या टेबलावर लावा, पावसाळाभर ताटात पाखरं पडणार नाहीत.

---

होळकरी

मी येतो. दोन खुर्च्या घेऊन येतो, गच्चीवर गुडघे टेकवणार नाहीत. आणि निंबोणीताई, त्या पानकापीसाठी पोकळ काड्या लागतात म्हणालात, किती जाड?

---

निंबोणी

काका, पेन्सिलीएवढं भोक, वीतभर लांब, एक टोक बंद. बोरू किंवा बांबूच्या पेरांच्या चालतात. दहाबारा एकत्र बांधा, पाऊस लागणार नाही आणि सकाळचं ऊन लागेल अशा भिंतीला आडव्या टांगा. गुलाबांपासून लांब.